सहलीला निघताना तासांचा हिशेब

भातलावणी उरकली, डोंगरांवरून पांढरे धबधबे दिसू लागले, की आपल्या शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. पूर्वी ही रांग मुंबई-ठाण्याच्या मंडळींची असे. आता आपल्याही आळीत चार-दोन मोटारी झाल्या आहेत, तेव्हा आपणही निघतो. माळशेज, भंडारदरा, कसारा घाट, इगतपुरी. यात गैर काहीच नाही. रोजच्या धबडग्यातून एक दिवस हिरवे डोंगर पाहणे हेदेखील एक औषधच आहे, आणि ते मी रुग्णांना आवर्जून सांगतो.

परंतु रविवारच्या सहलीचा सोमवार दवाखान्यात उजाडतो. कोणाची मान आखडलेली, कोणाला रात्रभर उलट्या, कोणाचे पाय सुजलेले, एखाद्या ताईंना लघवीला जळजळ, एखाद्या आजोबांची साखर वर-खाली. विचारपूस केली की बहुतेकांचे मूळ एकच निघते. दोन दिवसांचा प्रवास एका दिवसात बसवलेला असतो! म्हणून वाचकहो, आज औषधांऐवजी घड्याळाविषयी बोलू.

गुरुजींची सहल

किन्हवली परिसरातील एक निवृत्त शिक्षक बरीच वर्षे मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. वय अडुसष्ट, स्वभावाने टापटिपीचे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये जावयांनी सहल ठरवली. शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे माळशेज, पुढे ओतूर, आळेफाटा, संगमनेर, अकोले, भंडारदरा आणि घोटी-कसाऱ्यामार्गे घरी. कागदावर वेळापत्रक लिहिले होते. सकाळी सातला निघणे, साडेनऊला माळशेज आणि नाश्ता, बाराला संगमनेरला जेवण, दोनला भंडारदरा, सहाला घरी.

गुरुजींनी साडेसहाला चहा-बिस्किटांबरोबर साखरेची गोळी घेतली. नाश्ता साडेनऊला होणारच होता! पण रविवार होता, पाऊस होता आणि घाटाच्या पायथ्यापासून वाहने खोळंबलेली होती. बारा वाजले तरी मोटार घाटातच. गुरुजींना दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घरच्यांना वाटले, गाडी लागली. त्यांना आवळा-सुपारी दिली, खिडकी उघडली. सुदैवाने नातीजवळ गोड सरबताची बाटली होती. गुरुजींना गिळता येत होते, म्हणून ते घोट-घोट पाजले. पंधरा-वीस मिनिटांत ते भानावर आले.

त्यांना गाडी लागली नव्हती. त्यांच्या रक्तातील साखर उतरली होती. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, शरीरातील इन्शुलिन वाढवतात. पोटात अन्न असो वा नसो, गोळी आपले काम करते. जेवण तीन तास लांबले, पण गोळी थांबली नाही. दोष गोळीचा नव्हता, जावयांचाही नव्हता. दोष त्या कागदावरच्या ‘साडेनऊ’चा होता.

नकाशावरचा वेळ म्हणजे काय?

हल्ली मोबाईलवरचा नकाशा किलोमीटरबरोबर तासही सांगतो. तो आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. तो चालत्या गाडीचा वेळ असतो. चहा, लघवी, उलटी झालेल्या मुलाचे कपडे बदलणे, धबधब्यापाशी फोटो, पेट्रोल, रस्त्यात बसलेली गुरे यांतले त्यात काहीही धरलेले नसते. त्या घटकेची वाहतूक त्याला कळते. परंतु तीन तासांनंतर पाऊस कोसळून घाटात काय होणार आहे, हे त्याला कसे कळावे?

माझा साधा ठोकताळा असा आहे. चौपदरी महामार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटर धरावे. गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यावर ४०. घाटात २५. आता गुरुजींची सहल मांडून पाहू. एकूण अंतर तीनशेच्या वर, समजा ३२०. त्यात महामार्गाचे साधारण १०० किलोमीटर, म्हणजे पावणेदोन तास. घाट-वळणांचे ४०, म्हणजे दीड तासाच्या वर. उरलेले १८० किलोमीटर, साडेचार तास. झाले पावणेआठ तास, आणि हे नुसते चाक फिरण्याचे.

आता माणसांचा वेळ मिळवू. दर दोन तासांनी वीस मिनिटे याप्रमाणे तीन थांबे, एक तास. नाश्ता अर्धा तास, जेवण एक तास. माळशेज पाहायला एक तास, भंडारदऱ्याचे धरण आणि रंधा धबधबा यांना दीड तास. हे झाले पाच तास. बेरीज पावणेतेरा! पावसाळ्यात चाकाच्या वेळेत चौथा हिस्सा आणखी धरावा, म्हणजे अजून दोन तास. सकाळी सातला निघालेली मोटार रात्री पावणेदहाला घरी पोहोचेल, आणि तीसुद्धा घाटात वाहने खोळंबली नाहीत तरच. कागदावर मात्र सहा वाजता घर होते.

शेवटचे हे पावणेचार तास कोठून काढायचे? माणूस ते तीन ठिकाणांहून काढतो. वेगातून, जेवणातून आणि विश्रांतीतून. तिन्ही ठिकाणे धोक्याची. म्हणून एक तर माळशेज करावे, नाही तर भंडारदरा. दोन्ही हवे असतील तर भंडारद्याला मुक्काम करावा. मुक्कामाचा खर्च पुष्कळांना टोचतो, हे मला माहीत आहे. पण त्या खर्चात डोंगर डोळे भरून पाहण्याचा आनंदही येतो, हे विसरू नये.

चालकाची झोप

आपल्या भागातील शेकडो माणसे आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जातात. चारला उठणे, रात्री नऊला घरी. आठवडाभर झोप तुटलेली असते. मे-जूनमध्ये हीच मंडळी शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री दहाला जेवून काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे निघतात आणि मध्यरात्रीनंतर परत फिरतात. स्टेअरिंगवर तोच माणूस, जो पहाटे चारपासून जागा आहे.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची चपळाई, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे त्यांना आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकाच्या रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे चारला उठलेला निर्व्यसनी गृहस्थ रात्री नऊनंतर गाडी चालवतो, तेव्हा एका परीने तो कायद्याची मर्यादा ओलांडलेल्या मद्यप्याच्या पंक्तीला बसलेला असतो. फरक एवढाच की त्याचा वास येत नाही, आणि पोलिसांच्या यंत्रात तो सापडत नाही.

शरीराचे स्वतःचे एक घड्याळ असते. चोवीस तासांत दोन वेळा ते आपल्याला झोपेकडे ओढते. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा आणि दुपारी साधारण दोन ते चार. दुपारची पेंग फक्त भरपेट जेवणाने येते असे नाही. जेवणाने ती वाढते इतकेच. या दोन वेळांत घाट किंवा महामार्ग येणार नाही असे वेळापत्रक आखावे.

डुलकी म्हणजे मान खाली पडणे असेच नव्हे. डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर, आणि तेवढे अंतर गाडी कोणीच चालवत नसते. खूण ओळखून ठेवा. वारंवार जांभया, डोळे चुरचुरणे, मागचे गाव कधी गेले ते न आठवणे, गाडी एका बाजूला सरकणे. यातले एक जरी दिसले तरी शरीराने घंटा वाजवली असे समजावे.

त्यावर काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे किंवा तंबाखूचा बार भरणे हे उपाय नव्हेत. उपाय एकच, झोप. पेट्रोल पंप किंवा ढाबा पाहून गाडी रस्त्याबाहेर लावावी. कपभर कडक चहा किंवा कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. चहा-कॉफीचा अंमल चढायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही पुरी होते. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. रात्रभराच्या झोपेची उणीव ती भरून काढत नाही.

आणखी दोन गोष्टी. सर्दी-खाज यांवरच्या सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिनसारख्या गोळ्यांनी आणि उलटीच्या गोळ्यांनी गुंगी येते. चालकाने त्या घेऊन स्टेअरिंगवर बसू नये. तसेच जो मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याची तपासणी झाल्याशिवाय त्याच्या हाती लांबचा प्रवास देऊ नये.

समृद्धीचे आठ तास

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरचा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या शहापूर तालुक्यातून सुरळीत वाहू लागला. नागपूर आठ तासांत, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. आता ७०१ ला ८ ने भागा. ताशी ८८ किलोमीटरची सरासरी आली. मोटारीला १२० ची मुभा असल्याने ती अशक्य नाही, पण त्यात थांबण्याला जागाच नाही. दोन छोटे थांबे आणि एक जेवण धरले की साडेनऊ ते दहा तास होतात. हाच खरा वेळ.

हा रस्ता सरळ, एकसुरी. घाटात चालक घाबरून तरी जागा असतो; सरळ रस्त्यावर मेंदूला काम उरत नाही आणि तो सुस्तावतो. १ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवासी जळून गेले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. मी फक्त वेळ पाहतो: रात्रीचा दीड.

पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांचे तास कायद्यानेही मोजले आहेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. युरोपात मालमोटारीच्या चालकाला साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते. ज्यांचा हात रोजचा आहे त्यांच्यासाठी हे नियम. मग महिन्यातून एकदा मोटार बाहेर काढणाऱ्याने स्वतःसाठी किती कडक असावे? माझा सल्ला, हौशी चालकाने दिवसाला सहा तासांहून अधिक चाक हाती धरू नये आणि दिवेलागणीपूर्वी मुक्काम गाठावा.

मागच्या सीटवरची मंडळी

वेळापत्रक चालकापुरते नसते. मागे बसलेल्यांची शरीरेही त्यात धरायची असतात.

मधुमेहींनी गोळी-इन्शुलिन घड्याळाशी नव्हे, जेवणाशी बांधावे. डबा सोबत घ्यावा. पोळी-भाजी मांडीवर असली की घाट बंद पडो वा उघडो. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. इन्शुलिन उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या अशा गोळ्या घेणारा स्वतः चालक असेल तर निघण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी.

स्त्रियांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वाटेत स्वच्छ जागा मिळणार नाही म्हणून कित्येक भगिनी आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, लघवी तुंबते, जळजळ होते. पाणी तोडणे हा उपाय नाही. थांब्याची जागा आधी ठरवणे हा आहे. कोणत्या पंपावर, कोणत्या हॉटेलात सोय आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि पुरुषांनी ‘अजून थोडं पुढं थांबू’ म्हणू नये. वृद्ध पुरुषांनाही प्रोस्टेटमुळे दर तासा-दीड तासाने उतरावे लागते. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी प्रवासासाठी परस्पर बंद करू नये; वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारावे.

चार तासांहून अधिक एका जागी बसले की पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. विमान, रेल्वे, बस, मोटार, सर्वांत तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार अशा प्रवासानंतर तो सुमारे दुप्पट होतो. मुळात धोका लहान असतो, पण ज्यांचे नुकते ऑपरेशन झाले आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांना पूर्वी गाठ झाली आहे, त्यांनी जपावे. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत. प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखू लागला किंवा अचानक धाप लागली तर तेल चोळत बसू नये, त्वरित दाखवावे.

ज्यांना गाडी लागते त्यांच्या डोळ्यांचा आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा मेळ बसत नसतो. डोळे मोबाईल पाहतात, ते म्हणतात आपण स्थिर आहोत. कान म्हणतो आपण वळतो आहोत. अशा मोठ्या माणसाला पुढे बसवावे, मुलांना मागे मधोमध पट्टा लावून बसवून समोर लांब पाहायला सांगावे. मोबाईल काढून घ्यावा. पोट रिकामे नको, तुडुंबही नको. आल्याच्या वडीने काहींना बरे वाटते. गोळी द्यायची तर घाटापूर्वी अर्धा-एक तास, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

परदेशातल्या रस्त्यांवर

आता आपल्याकडचीही मुले अमेरिका, न्यूझीलंड येथे स्थिरावली आहेत आणि आई-वडील त्यांच्याकडे जातात. गुरुजींचा मुलगा न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात असतो. त्याने डिसेंबरसाठी आखलेली सहल गुरुजी मला दाखवायला घेऊन आले. शनिवारी विमानातून उतरणे, रविवारी क्वीन्सटाउन, सोमवारी तेथून मिलफर्ड साउंड पाहून रात्री परत.

मी नकाशा उघडला. क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन सुमारे ४८० किलोमीटर, नुसते चाकाचे सहा तास. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड डोळ्यांना अगदी शेजारी दिसते. पण मध्ये डोंगररांगा आडव्या आहेत. रस्ता ते अनाउ गावाला वळसा घालून जातो आणि २९० किलोमीटरचा होतो. एका बाजूला चार तास. जाऊन-येऊन आठ, बोटीतील सफर दोन, थांबे दीड-दोन. बारा तासांचा दिवस, आणि चालक एकटा मुलगा. त्यातच ते अनाउच्या पुढे मोबाईल बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि शेवटी सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा आहे. उन्हाळ्यात तिथे सिग्नलवर एकेका बाजूची वाहने सोडतात. माळशेज ओळखणाऱ्याला हे चित्र नवे नाही.

तिथे आणखी दोन फसवे मुद्दे आहेत. पहिला, घड्याळाचा. डिसेंबरात न्यूझीलंड आपल्या साडेसात तास पुढे असते. तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा पाहुण्याच्या शरीरात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. शरीर दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळवून घेते. म्हणून विमानातून उतरलेल्याने निदान पहिला दिवस स्टेअरिंगला हात लावू नये, आणि वृद्धांना दोन दिवस घरीच राहू द्यावे. मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा जाण्यापूर्वी लिहून घ्याव्यात. दुसरा, उजेडाचा. त्या दक्षिण टोकाला डिसेंबरात रात्री नऊनंतरही उजेड असतो. सूर्य मावळला नाही म्हणून शरीर थकले नाही असे होत नाही!

गुरुजींना मी दोन पर्याय सुचवले. ते अनाउला मुक्काम करावा, किंवा क्वीन्सटाउनहून सहलीच्या बसने जावे, म्हणजे मुलगाही खिडकीतून डोंगर पाहील. त्यांनी ते अनाउ निवडले, आणि क्राइस्टचर्चला दोन दिवस विश्रांतीचे ठेवले.

निघण्यापूर्वी एवढे करा

१. चाकाचे तास आणि माणसांचे तास वेगळे लिहून बेरीज करा. पावसात चाकाच्या तासांत चौथा हिस्सा वाढवा.

२. निघण्याची नव्हे, पोहोचण्याची वेळ आधी ठरवा. दिवेलागणीच्या आत धरा आणि तेथून उलटे मोजत या.

३. चालकाला आदल्या रात्री सात-आठ तास झोपू द्या. सामान बांधायला त्याला जागवू नका.

४. जेवणाची वेळ गाडी कुठेही असली तरी पाळा.

५. ठरल्या वेळेस एक तास उशीर झाला, तर यादीतील एक ठिकाण तिथल्या तिथे गाळा. वेग वाढवून उशीर भरून काढू नका.

६. घाटात पाऊस कोसळत असेल, दरडीची सूचना असेल किंवा प्रशासनाने धबधब्यावर बंदी घातली असेल, तर परत फिरा. डोंगर पुढच्या रविवारीही तिथेच असतो.

यांतील पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण मुले रुसतात, कोणीतरी ‘एवढ्यासाठी आलो का’ म्हणते. तेव्हा घरातील वडीलधाऱ्याने निर्णय आपल्या अंगावर घ्यावा. चालकाला त्या वेळी कोणाचा तरी आधार हवा असतो.